उभ्यानं खाल्लेलं

"काहीच खात नाही म्हणता, मग वजन काय हवा खाऊन वाढलं का हो बाई?" असं म्हणून नगरचे ते सर्जन हसले. शेजारी उभी असलेली नर्सही हसली. मी तपासणीच्या टेबलावर उताणी, पदर बाजूला, पोट उघडं आणि नजर वरच्या पंख्यावर. अशा अवस्थेत माणसाला धड भांडताही येत नाही. मी गप्प राहिले, पण ते हसू मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

मी पारनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि गोठ्यात तीन गायी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. धाकट्याच्या वेळी सिझर झालं होतं. त्या टाक्यांच्या जागी पुढे काही वर्षांनी एक फुगवटा यायला लागला. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. हर्निया. वर्गात आवाज चढवायचा झाला तरी मी आधी पोटावर तळहात दाबायची. पोरांना वाटायचं, बाईंना राग आला की बाई पोट धरतात, आणि मी नुसता हात पोटाकडे नेला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा.

सर्जनचं म्हणणं असं की ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल, पण एवढ्या वजनावर ती टिकायची नाही, टाके उसवतील. तेव्हा दहा किलो कमी करून या. तोवर काय? तोवर जपा, जड उचलू नका. आणि आतडं त्यात अडकलंच तर असाल तशा धावत या, तेव्हा वजन बघायला वेळ नसेल. इतकं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. म्हणजे दुधाची किटली उचलताना, स्कूटीवर खड्ड्यात आदळताना, अगदी शिंकताना सुद्धा माझ्या मनात एकच भीती, आता अडकतंय की काय. आणि या भीतीतून सुटायचं तर आधी ते दहा किलो.

बरं, मी खोटं बोलले नव्हते, हेच तर माझं दुखणं होतं. मी खरोखर काही खात नव्हते. सकाळी चहा, दुपारी डब्यातली एक पोळी, रात्री अर्धी भाकरी. सोमवार शंकराचा, गुरुवार साईबाबांचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. सर्जनकडून आल्यावर मी शनिवारही धरला. एवढे उपास करणारी बाई खादाड कशी ठरते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पण समजावून सांगणाऱ्यांचा तोटा नव्हताच. फुकटचा सल्ला द्यायला आपल्याकडे शिक्षण लागत नाही. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, गरम पाण्यात लिंबू आणि मध. दुसऱ्या म्हणाल्या, रात्रभर भिजवलेल्या जिऱ्याचं पाणी. एका लग्नात नात्यातल्या एका काकांनी सगळ्या पंगतीत म्हटलं, "काय मॅडम, सरकारी पगार चांगलाच मानवला की!" आणि स्वतः तिसरी जिलबी उचलली. त्यांच्या पोटावर बनियन चढत नव्हतं, पण पुरुषाचं पोट म्हणजे सुखाचं पोट, त्याला कोण बोलणार? एस.टी. स्टँडजवळ टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे सकाळी गाणी लावून पावडरीचं घट्ट पेय प्यायला देतात. तिथेही मी जाऊन आले. तिथल्या बाईंनी मला काट्यावर उभं केलं, माझा फोटो काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, मनावर घेतलं की सगळं होतं." मी मनावर घेतलं नव्हतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी आणखी कमी खाल्लं. पोळी गेली, काकडी आली. रात्रीची भाकरी गेली, नुसतं वरण आलं. सुरुवातीला काटा जरा खाली गेला आणि मला वाटलं, जिंकलं. मग तो एका जागी अडून बसला. मग वर गेला! मी काटा बदलून पाहिला, फरशी बदलून पाहिली, दुकानात जाऊन धान्याच्या काट्यावर उभी राहिले. सगळ्यांचं एकमत होतं.

आणि मग एके दिवशी परिपाठात मी पडले. पोरं प्रतिज्ञा म्हणत होती, ऊन नुकतं चढत होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा मी ऑफिसातल्या बाकावर होते, आणि दोन्ही हात पोटावर घट्ट दाबलेले. पडताना सुद्धा मी पोटच धरलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, जीभ बघितली आणि विचारलं, "मॅडम, तुमी काल जेवलात का?" मला इतका संताप आला की रडू फुटलं. वजन वाढलं म्हणून एक डॉक्टर हसतो, जेवला नाहीत म्हणून दुसरा रागावतो, मग मी करायचं तरी काय?

त्यांनीच मला नगरच्या एका दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मी जायला तयार नव्हते. आणखी एका माणसासमोर बसून 'काही खात नाही' म्हणायचं आणि आणखी एक हसू ऐकायचं, याची मला हौस नव्हती. नवऱ्यानं जवळजवळ ढकलतच नेलं.

मुलगी पंचविशीतली असेल. बोलण्यावरून पाथर्डी-शेवगावकडची वाटली. मी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं, "मी काहीच खात नाही, आणि तुम्ही हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या."

ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, काल बसून काय खाल्लंत ते सांगा."

मी सांगितलं. चहा, काकडी, वरण.

"आता उभ्यानं काय खाल्लंत ते सांगा."

मला आधी प्रश्नच कळला नाही. उभ्यानं कोण खातं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "माझी आई पण काहीच खात नाही म्हणते. पहाटे उठल्यापासून सांगा. डबे कुणी भरले?"

डबे मीच भरले. भरताना धाकट्याच्या ताटात पराठ्याचा तुकडा उरला होता, तो टाकायचा कसा, तोंडात टाकला. दुधावरची साय काढताना पातेल्याच्या कडेची साय बोटानं पुसून घेतली, नाहीतर घासताना वायाच जाते. शाळेत खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव बघायची असते, तो नियमच आहे. चव म्हणजे चमचाभर, पण भूक लागलेल्या माणसाचा चमचा मोठा असतो. चहा किती? घरी दोन, शाळेत दोन, पालकांकडे गेलं की तिथे एक, आणि आमच्याकडे चहाला नाही म्हटलं की माणसं मनाला लावून घेतात. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत? शेंगदाण्याचं कूट करताना मूठभर शेंगदाणे, त्यावर गुळाचा खडा, डब्यातली शेव, परत शेव. हात आपोआप डब्यात जायचा आणि डब्याचं झाकण मी लावायचीच नाही. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू, तूप. पण ते उपासाचं. उपासाचं कधी कुणी मोजतं का? एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मी पोरांना वर्गात शिकवते, आणि स्वतः लाडू खाताना ती मला एकदाही आठवली नाही.

मी बोलत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. ती मुलगी मध्येच म्हणाली, "मॅडम, तुम्ही खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे बाईनं ताट घेऊन बसून खाल्लं तरच ते जेवण. उभ्यानं खाल्लेलं कुणी धरतच नाही. ती स्वतःही धरत नाही."

मग तिनं सांगितलं ते ऐकून मी पुन्हा भडकले. सकाळी आठच्या आत दोन भाकरी, वाटीभर उसळ, दही, खाली बसून. दुपारी पूर्ण डबा, त्यात डाळ किंवा अंडी. संध्याकाळी शाळेतून आल्याबरोबर काहीतरी ठरलेलं, तेही बसून. रात्री भाकरी-भाजी. उपास एखादा ठेवा, बाकीचे देवाला सांगून सोडा.

"म्हणजे मी आत्तापेक्षा जास्त खायचं? मला दहा किलो कमी करायचेत, वाढवायचे नाहीत!"

"ताटातलं जास्त खायचं," ती म्हणाली. "जास्त खाल्लं की माणूस बारीक होतं असं मी म्हणत नाही, तसली जादू नसते. पण दिवसभर शरीर उपाशी ठेवलंत तर संध्याकाळी ते तुमच्याकडून सगळं वसूल करून घेतं, आणि वर जास्तच घेतं. पोट वेळेवर भरलं की उभ्यानं खाणं आपोआप सुटतं. अंगात जीव आला की माणूस हलायला लागतं. आता तुम्ही शाळेतून आल्यावर काय करता?"

मी शाळेतून आल्यावर पलंगावर पडायची. पूर्वी संध्याकाळी गायींना पाणी मी पाजायची, मळ्यापर्यंत चालत जायची, ते सगळं कधी सुटलं हे मला कळलंही नव्हतं. मला वाटायचं वय झालं, वजन झालं. भूक झाली असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पाट मांडला, ताट वाढून घेतलं आणि बसले. घरात जणू काही अघटित घडलं. नवरा गोठ्यातून दुधाची किटली घेऊन आला आणि दारातच थबकला. मुलगी म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?" आत्या देवघरातून बाहेर आल्या, हातात अजून निरांजन.

"आगं, देवाला निवद न्हाई दावला अजून, आन तू ताट घिऊन बसलीस व्हय?"

"डॉक्टरनं सांगितलंय आत्या."

"लई खाऊन कोन बारीक झालंय का कदी? आमी न्हाई कदी सकाळचं जेवलो. आमाला काय झालं?"

त्यांना काय झालं होतं ते मला दिसत होतं. हाडं मोजून घ्यावीत अशी अंगलट, आणि सकाळी उठताना भिंतीला हात. भोवळ येते त्यांना. "वयाचं हाय ते," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही सगळे मान्य करायचो. पण त्या सकाळी मला त्यांची कीव आली नाही, रागच आला. नवरा हसून म्हणाला, "आज मॅडमची पंगत बसली." मी म्हटलं, "तुम्ही रोज बसता, ती कुणाची पंगत असते?" तो बिचारा चहा घेऊन बाहेरच्या ओट्यावर गेला. वाईट माणूस नाही तो, पण आयतं ताट समोर येणाऱ्या माणसाला ताट म्हणजे काय हे कळत नाही.

शेजारच्या दोघी तर बघायला आल्या. विरजणाला थोडं दही हवं होतं म्हणे. एकीनं माझ्या ताटातल्या भाकरी डोळ्यांनी मोजल्या. त्या वेळी मला जे कळलं, त्याचा संताप अजून गेलेला नाही. माझ्या दोन भाकरींवर कुणाचा आक्षेप नव्हता. त्याच दोन भाकरी मी ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, तुकड्या-तुकड्यानं दिवसभर खाल्ल्या असत्या तर कुणी चकार शब्द काढला नसता. आक्षेप बसण्यावर होता. बाई सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर, मांडी घालून स्वतःच्या भुकेसाठी जेवते, हे त्यांना बघवत नव्हतं. आणि या भानगडीत माझं आतडं अडकलं असतं, तर याच बाया भेटायला येऊन म्हणाल्या असत्या, फार चांगली होती हो, कधी स्वतःचं बघितलं नाही.

पहिल्या पंधरवड्यात वजन किलोभर वाढलं. घरात आनंदीआनंद. "सांगत हुते मी," आत्या म्हणाल्या. मी त्या आहारतज्ज्ञ मुलीकडे भांडायलाच गेले. ती म्हणाली, "काट्यावर रोज उभ्या राहू नका. शेवेचा डबा उघडता का संध्याकाळी?" मी विचार केला. शेवेचा डबा मी उघडलाच नव्हता. त्याची आठवणही झाली नव्हती. घरी येऊन बघितलं तर त्यातली शेव मऊ पडली होती.

त्यानंतर वजन हळूहळू उतरलं. इतकं हळू की ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. शाळेत खिचडीची चव बघताना चमचा लहान झाला. मी संध्याकाळी मळ्यापर्यंत चालत जायला लागले, आधी नवऱ्याबरोबर, मग एकटी. एक दिवस आत्यांना न विचारता गायींना पाणी पाजून आले आणि दमले नाही. पोटावर तळहात मात्र अजून दाबावा लागत होता. ती भीती काही जेवल्यानं जात नाही. भर पावसाळ्यात सुरुवात केली होती, रानातली ज्वारी काढून झाली तेव्हा ते दहा किलो उतरले. एक किलो वर-खाली मी धरत नाही.

सर्जननी मला पुन्हा त्याच टेबलावर झोपवलं, पोट दाबून बघितलं आणि खूश झाले. "बघा बाई! तोंडावर ताबा ठेवलात, खाणं कमी केलंत, झालं ना? मनावर घेतलं की होतं."

मी उताणीच होते, पण या वेळी गप्प राहिले नाही. "खाणं कमी नाही केलं डॉक्टर. पूर्वी ताटात घेत होते त्याच्या तिप्पट जेवते मी आता."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि हसले. तेच हसू. मी उठून बसायला लागले तशी नवऱ्यानं हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाला, "उद्या तोच तुझ्या पोटात हात घालनार हाय. आज नको भांडू." हे मात्र त्यानं शहाणपणाचं सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. जाळी बसली. आदल्या दिवशी, रात्रीपासून काही खायचं नाही असं नर्सनं बजावलं तेव्हा मी म्हटलं, काळजी करू नका, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. ती भीती, इतक्या वर्षांची ती शिंकेची सुद्धा भीती, भूल उतरल्यावर मी शोधली तर सापडली नाही. मी रडले. कुणालाही कारण सांगितलं नाही.

घरी आल्यावर वाकायचं नाही, उचलायचं नाही, म्हणून माझा पलंग मधल्या खोलीत टाकला. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं. एक गोष्ट मान्य करायला हवी, माझ्या सकाळच्या ताटाला आत्यांनी औषध मानलं होतं. देवपूजा थोडी मागे ढकलून त्या माझ्या भाकरी थापायच्या आणि वेळेवर ताट आणून द्यायच्या. "घे, तुजं औशिद," म्हणायच्या. दोन भाकरी, मटकीची उसळ, दही.

त्या दिवशी माझं ताट देऊन त्या आत गेल्या. मी पहिला घास घेतला आणि सहज तिकडे बघितलं. आत्या ओट्याशी उभ्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. करपलेल्या भाकरीचा काठ तोडला, उसळीच्या पातेल्यात बुडवला आणि चावायला लागल्या. एका हातानं ओटा धरलेला. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून रोज त्या असंच खात असणार.

"आत्या, काय खाताय?"

त्यांनी दचकून घास गिळला. "कुटं काय. काय न्हाई खात मी."

ते शब्द माझेच होते. टेबलावर उताणी पडून मी तेच सांगितलं होतं, आणि मीही खोटं बोलत नव्हते. माझं डोकं असं भणाणलं की काय सांगू. कुणावर ते मला सांगता येणार नाही, पण आत्यांवर नक्कीच नाही.

"ताट घ्या आणि इथं येऊन बसा!" मी ओरडले. टाके ओढले गेले, कळ आली, हात जुन्या सवयीनं पोटावर गेला. "बसा म्हणते ना आत्या! उभ्यानं खाल्लेलं धरत नाही मी!"

त्या घाबरल्याच. आधी दाराकडे बघितलं, मुलगा येतोय का म्हणून. मग ताट घेतलं, त्यात अर्धी भाकरी ठेवली, माझ्याकडे बघून पूर्ण ठेवली. मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन टेकल्या, ताट मांडीवर. घास मोडला आणि तसाच हातात धरून राहिल्या.

"निवद न्हाई दावला गं अजून," त्या म्हणाल्या.

"थांबेल देव. आजवर रोज तुमच्या आधी जेवलाय तो."